देवमाशाच्या तोंडातलं एक वाक्य

‘फाइंडिंग नेमो’मधल्या ज्या वाक्यापाशी मन दर वेळी थबकतं, ते उच्चारलं जातं एका देवमाशाच्या तोंडात. मार्लिन हा चिमुकला क्लाउनफिश बाप त्या अजस्र जबड्यातल्या झालरीवर धडका देऊन देऊन थकला आहे. मला बाहेर पडायचंय, मुलाला शोधायचंय, समुद्री कासवं किती वर्षं जगतात ते त्याला सांगायचंय, असा त्याचा आक्रोश चालला आहे. कासवांचं नाव ऐकून आपण किंचित हसतो आणि लगेच गलबलतो. शाळेच्या पहिल्या दिवशी नेमोनं विचारलेला तो साधासा प्रश्न या बापानं केवढ्या समुद्रातून जपून आणला आहे, हे आपल्याला आत्ता उमगतं. आणि शेजारी त्याची सोबतीण डोरी? ती त्याच पाण्याच्या लाटांवर हुंदडते आहे.

खचलेला मार्लिन म्हणतो, ‘त्याला कधीच काही होऊ देणार नाही, असं वचन दिलं होतं मी.’ डोरीला नवल वाटतं. हे काय भलतंच वचन! त्याला कधीच काही होऊ दिलं नाहीस, तर त्याच्या आयुष्यात काही घडणारच नाही की. आणि वर पुस्ती : बिचाऱ्या हार्पोला त्यात काय मजा!

ते वचन कुठे जन्मलं, ते आठवून पाहू या. चित्रपटाच्या आरंभी चारशेहून अधिक अंडी, नवं घर, मार्लिनची बायको कोरल हिचं हसू. मग बॅराकुडाची एकच झडप, आणि मागे उरलेलं, तडा गेलेलं एकुलतं अंडं. ते परांच्या ओंजळीत धरून मार्लिन जे बोलतो, त्यात वात्सल्याखेरीज काही असेल अशी शंकाही आपल्याला येत नाही. दिग्दर्शक अँड्र्यू स्टॅंटन यांनी सांगितलं आहे, की लहानग्या मुलाला बागेत फिरवताना ‘हे करू नको, त्याला हात लावू नको’ असं आपण सारखं बजावत राहिलो आणि त्याच्यासोबतची ती वेळच हातची गेली, या जाणिवेतून ही कथा आकाराला आली. म्हणूनच असेल, मार्लिनच्या भीतीला हा चित्रपट कुठेही हिणवत नाही. तिचं कारण आधी आपल्या डोळ्यांदेखत घडवतो आणि मगच तिच्याकडे बोट दाखवतो.

आणि ते बोट कुणाचं, यातली रसिकता तर पाहा. पोरांना प्रवाहात बिनधास्त सोडणारा क्रश हा कासव-बाप नुकताच भेटून गेलेला असतो. त्याच्या तोंडी हे वाक्य घातलं असतं, तर तो उपदेश झाला असता, आणि उपदेश आपण ऐकून घेतो, इतकंच. डोरीला मात्र क्षणापूर्वीचं आठवत नाही. ज्या मुलासाठी ही वणवण चालली आहे, त्याचं नावसुद्धा ती चुकते. तो ‘हार्पो’ नसता, तर हे वाक्य सुभाषितांच्या वहीत जाऊन बसलं असतं.

पुढच्याच मिनिटाला त्या वाक्याची कसोटी लागते. देवमाशाची जीभ वर उचलली जाते, पाणी ओसरतं, मार्लिन कसाबसा लोंबकळत डोरीचा पर धरून राहतो. सोडून दे, सगळं ठीक होईल, ती ओरडते. काही वाईट होणार नाही हे तुला कसं ठाऊक, तो विचारतो. ‘नाहीच ठाऊक!’ इथे एखाद्या सामान्य पटकथाकारानं दिलासा दिला असता. डोरीपाशी दिलासा नाही, आणि मार्लिन पकड सोडतो ती हे उत्तर ऐकून. मग देवमाशाच्या श्वासाबरोबर उडालेल्या कारंज्यातून दोघं थेट सिडनीच्या बंदरात!

एवढ्यानं बाप बदलला असं मानायला मी तयार नाही. आपल्या जिवावर उदार होणं बापाला त्या मानानं सोपंच. खरी घडी येते ती मासेमारीच्या जाळ्यापाशी. डोरी आत अडकली आहे, आणि अडकलेल्या माशांना खाली पोहायला सांगण्यासाठी नुकताच सापडलेला नेमो जाळ्यात शिरू पाहतो. पुन्हा तुला गमावणार नाही, असं आधी मार्लिन म्हणतोच. मग मुलाकडे बघतो. ‘बरोबर आहे तुझं. तू करशील, मला माहीत आहे.’