अनुदानाच्या अटी वाचताना: वुडचा खलिता, 'निकालावर पैसे' आणि फुल्यांचा आक्षेप



गंगापूर रोडवरच्या अभ्यासिकेत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतेय. परवा तिच्या नोट्समध्ये एक ओळ दिसली: 'वुडचा खलिता, १८५४, भारतीय शिक्षणाचा मॅग्ना कार्टा, अनुदान पद्धती सुरू.' एक मार्काला एवढं पुरतं. पण संशोधन करायचं असेल तर ही ओळ अडचणीची आहे, कारण अनुदान सुरू झालं एवढंच ती सांगते. ते कोणत्या अटींवर सुरू झालं, हे सांगत नाही.

मी रसायनशास्त्रातली, इतिहास हा माझा विषय नाही. पण एखादी मोजण्याची पद्धत कुठे फसते हे शोधणं माझं रोजचं काम आहे. आज त्याच नजरेने या अटी वाचूया.

१८५४ च्या खलित्यात खाजगी शाळेला अनुदान मिळण्याच्या मुख्य अटी अशा होत्या. शाळेत चांगलं लौकिक शिक्षण मिळावं; धर्मशिक्षणाकडे तपासनीसाने लक्ष द्यायचं नाही. शाळेची जबाबदारी घेणारं स्थानिक व्यवस्थापन असावं. सरकारी तपासणी मान्य असावी. आणि विद्यार्थ्यांकडून फी घ्यावी, कितीही थोडी का असेना. फीच्या अटीतून फक्त शिक्षक तयार करणाऱ्या शाळांना सूट होती.

कागदावर या अटी नि:पक्षपाती वाटतात. जात, धर्म, प्रदेश कशाचाच भेद नाही. आता प्रत्येक अटीमागचं गृहीतक बघा. 'स्थानिक व्यवस्थापन' म्हणजे गावात देणगीदार, विश्वस्त, अर्ज लिहू शकणारी माणसं आधीच आहेत. 'फी' म्हणजे पालकाकडे रोख पैसा आहे आणि शिक्षणावर तो खर्च करावा असं त्याला वाटतं. ज्या वस्तीत यातलं काहीच नाही, तिचा अर्जच येणार नाही. अर्ज आला नाही म्हणून नकारही नाही. सरकारी दप्तरात ती वस्ती दिसतच नाही.

आमच्याकडे प्रत्येक उपकरणाला एक किमान मर्यादा असते. त्याखाली पदार्थ असला तरी उपकरण शून्य दाखवतं. हे शून्य 'नाही' असं वाचलं, तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही बोलणी खातो. खलित्यातल्या अटींनी नेमकं हेच केलं: जिथून मागणी नोंदली गेली नाही, तिथे गरजही नाही असं धरलं.

पुढे त्यात आणखी एक अट आली. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित नियमांनी 'निकालावर पैसे' ही पद्धत आणली. मुलाची हजेरी ठरावीक भरली की त्याच्यामागे आठ शिलिंग. वाचन, लेखन, गणित यांपैकी ज्या विषयात तो नापास होईल त्यासाठी त्यातला एक तृतीयांश कापायचा. सरासरी हजेरीचे चार शिलिंग वेगळे. स्वतः शाळा तपासणारे मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीवर कडक टीका केली, तरी १८६० च्या दशकातच ती मुंबई इलाख्यात आली.

यात काय बिघडतं हे मला पुस्तक वाचण्याआधी कळलं होतं. मी ज्या शाळेत शिकले तिथे 'साहेब येणार' असं कळलं की भिंती रंगायच्या, तक्ते लागायचे आणि वर्गातल्या तीन-चार कच्च्या मुलांना सांगितलं जायचं, 'उद्या येऊ नका.' साहेबांच्या वहीत आमचा वर्ग हुशार लागायचा. ती मुलं कच्चीच राहायची. मोजमापाला पैसे जोडले की शाळा आधी मोजमाप सुधारते. शिकवणं सुधारेल याची खात्री नाही.

पण सर्वात खोल आक्षेप जोतीराव फुल्यांचा आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी म्हटलं की गरीब, अजून शिक्षणाची गोडी न लागलेल्या लोकांत शिक्षण पसरवायला निकालावर पैसे देण्याची पद्धत अजिबात योग्य नाही. तिथे कोणी शिक्षक स्वतःच्या जोरावर शाळा काढणार नाही, कारण त्याचं पोटच भरणार नाही. म्हणून गोडी लागेपर्यंत सरकारी शाळा आणि खास प्रोत्साहन हवंच. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही मागणीही त्याच निवेदनात आहे.

अर्नोल्ड आणि फुले यांच्यातला फरक लक्षात घ्या. शाळेच्या आत काय बिघडतं ते अर्नोल्ड दाखवतात. फुले विचारतात, शाळाच नाही तिथे काय? १८४८ पासून स्वतः शाळा चालवलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे. शेतकऱ्याकडून शेतसाऱ्यावर उपकर घेता आणि खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर करता, हा त्यांचा हिशोबही याला जोडूनच येतो.

मग अटी वाईटच का? इथे घाई करू नका. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला. त्यानंतर १८५८ मध्ये मुंबई सरकारने जाहीर केलं की जात किंवा वंशावरून कोणाला शिक्षण नाकारणाऱ्या अंशतः अनुदानित शाळेची मदत थांबवण्याचा अधिकार आम्ही राखून ठेवतो. पण त्याच निवेदनात, वर्गणीदारांचा विरोध असलेल्या शाळांत अशी मुलं घालण्याचा विचार नाही, असंही होतं. प्रवेश नाकारणाऱ्या शाळेला अनुदान नाही, असा ठराव सरकारने काढला तो १९२३ मध्ये. मधली पासष्ट वर्षं धाक होता, पण तो राखून ठेवलेला. म्हणजे अट न्यायाच्या बाजूनेही वापरता येते. ती लागू करायची इच्छा लागते. 'निकालावर पैसे' ही पद्धत मात्र १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावापर्यंत टिकली.

तुमच्या विषयात कुठलीही योजना आली, तर चार प्रश्न विचारा. अट पाळायला आधीपासून काय हाताशी लागतं? ते कोणाकडे नाही? मोजमाप फुगवायचा सोपा मार्ग कोणता? अट मोडली तर खरंच काही होतं का?

याच रस्त्यावर मराठा विद्या प्रसारक समाजाच्या संस्था आहेत. संस्था १९१४ ची, आणि तिच्या सुरुवातीच्या कामात वसतिगृह होतं. खेड्यातल्या मुलाला शाळेआधी शहरात राहायला जागा आणि दोन वेळचं जेवण लागतं, हे ते चालवणाऱ्यांना माहीत होतं. खलित्यातली कुठलीही अट हे विचारत नव्हती.

मैत्रिणीने नोट्समधली ओळ खोडली नाही, परीक्षेला ती लागणारच. तिच्याखाली पेन्सिलीने लिहिलं: 'अर्ज कोणी केला नाही?' मुलाखतीत मार्गदर्शकांना सांगायला तिला विषय मिळाला असं मला वाटतं.