क्रिस्तपुराण आणि आमची दृष्टि

धाटावाजवळून वाहणारी कुंडलिका रेवदंड्यापाशीं समुद्रास मिळते. त्या मुखाच्या दक्षिणेस कोर्लईचा किल्ला आहे. १७४० मध्यें पोर्तुगीजांची सत्ता तेथून गेली; परंतु पायथ्याचीं कॅथलिक कुटुंबें राहिलीं. घरांत पोर्तुगीजोद्भव बोली व बाहेर मराठी, असा त्यांचा व्यवहार अद्यापि चालतो. सत्ता निराळी व श्रद्धा निराळी, हें या गांवावरून कळावें. वाङ्मयाच्या प्रांतांत मात्र आम्ही या दोहोंची गल्लत करतों.

फादर स्टीफन्स यांचें 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्यें राचोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथास परक्यांचें प्रचारसाहित्य म्हणून बाजूस सारणें सोपें आहे. पण स्टीफन्स हे इंग्रज. त्यांच्या देशांत कॅथलिक असणें हाच राजद्रोह समजला जाई. त्यांचे स्नेही टॉमस पाउंड यांनीं त्यापायीं सुमारें तीस वर्षें कारावास भोगला. १९२८ मध्यें अमेरिकेंत अध्यक्षपदाचे उमेदवार आल स्मिथ यांच्यावरही हाच संशय घेतला गेला, कीं यांची निष्ठा देशाशीं नसून पोपशीं आहे. आमचा आक्षेप याहून फारसा वेगळा नाहीं.

गोव्यांत १५६० पासून धर्मन्यायसभेनें जो जुलूम केला, त्याचा राग पूर्वग्रह नव्हे. तो इतिहास आहे. आणि हा ग्रंथ तो लपवीतही नाहीं. आमचीं जुनीं पुराणें मना केलींत, तर त्यांच्या जागीं दुसरें कांहीं द्या, अशी विनंती त्यांत एक ब्राह्मण करतो, आणि तींतून काव्यास आरंभ होतो. हिरावून घेतल्याची ही कबुली कवीनें स्वतः नोंदवून ठेविली आहे. स्वर्गास 'वैकुंठ' म्हणणारी ती वाणी आमच्याच परंपरेकडून उसनी घेतलेली आहे. सिद्धांतनिरूपण कोठें कोठें शुष्क होतें, हा दोष आम्ही मान्य करतों. पण दोष काढावयाचा तो काव्याचा, कवीच्या पंथाचा नव्हे. पुढें १६८४ मध्यें पोर्तुगीज शासनानेंच स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला. म्हणजे जी सत्ता आम्ही या ग्रंथाच्या माथीं मारतों, तीच पुढें त्या प्रांताच्या भाषेवर उठली.

२०२० च्या उस्मानाबाद साहित्यसंमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हां ते धर्मगुरु आहेत म्हणून कित्येकांनीं विरोध केला. त्यांचे ग्रंथ वाचून कोणी विरोध केला असता, तर ती टीका झाली असती. न वाचतां केला, तो टीका या नांवास पात्र नाहीं.