थेंब किती आणि मिलिग्रॅम किती?
सीबीडी तेलाच्या एका ओळखपुस्तिकेविषयी

नेवासे तालुक्यातील एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षिकेने दिवाळीच्या सुटीनंतर मला एक पुस्तिका पाठवली. सोबत चिठ्ठी होती. आठवीतल्या एका मुलाला लहानपणापासून फिट येतात. नगरच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. वडिलांनी ओळखीतल्या कुणाकडून तरी तेलाची एक बाटली आणली, तिच्याबरोबर ही पुस्तिका मिळाली, आणि दोन्ही घेऊन ते शाळेत आले. म्हणाले, "बाई, तुम्ही सायन्सच्या. हे तेल चालू केलं तर गोळ्या बंद करता येतील का?"

बाईंनी उत्तर देण्याचे टाळले आणि पुस्तिका मला पाठवली, हे त्यांनी योग्य केले. सोबत बाटलीवरचा मजकूर उतरवून पाठवला, मुलाचे शाळेच्या नोंदवहीतले वजन (३५ किलो) कळवले आणि गोळ्यांच्या पाकिटावरचे औषधाचे नावही कळवले, हे त्याहून चांगले केले. त्यामुळेच पुढचे लिहिता आले.

पुस्तिका बारा पानांची, मराठीत, नवशिक्यांना सीबीडी तेलाची ओळख करून देणारी आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण दोष एकट्या तिचा नाही. अशा चार-पाच पुस्तिका मी पाहिल्या आहेत आणि सगळ्या एकाच साच्यातून निघाल्यासारख्या दिसतात. मूळ मजकूर परदेशी, मराठी भाषांतर घाईचे. मात्र या पुस्तिकेचे एक श्रेय मान्य करायला हवे. सीबीडीने, म्हणजे कॅनाबिडिऑलने, नशा चढत नाही हे तिने स्पष्ट सांगितले आहे आणि ते खरे आहे. पहिल्या पानावर सांगितलेले खरे दुसऱ्याच पानावर कसे घसरते, ते आता पाहू.

दुसऱ्या पानावर 'हेम्प' म्हणजे तागाच्या जातीची निरुपद्रवी वनस्पती, असे लिहिले आहे. इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडून कुणीतरी हा शब्द उचलला असावा. नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ताग चांगला ठाऊक आहे. तो पावसाळ्यात पेरतात आणि फुलावर आला की हिरवळीचे खत म्हणून नांगरून गाडतात. त्याची पिवळी फुले पाहिली की तो वाटाण्याच्या, हरभऱ्याच्या कुळातला आहे हे विद्यार्थीही सांगेल. शास्त्रीय नाव क्रोटालारिया जुन्सिया. इंग्रज त्याला 'सन हेम्प' म्हणत. आपल्या अंबाडीला त्यांनी 'डेक्कन हेम्प' आणि 'बॉम्बे हेम्प' अशी नावे दिली. ती तर जास्वंदीच्या कुळातली. दोरखंड ज्याच्या सालीपासून निघतो ते सगळे हेम्प, असा त्या काळचा व्यापारी हिशेब होता. यांपैकी एकातही सीबीडी नाही. सीबीडी ज्यात असते ती वनस्पती कॅनाबिस सॅटायव्हा, म्हणजे आपली भांग. गांजाही तिचाच. वडिलांच्या मनात मात्र पुस्तिका वाचून 'हे तागाचे तेल आहे' असे बसले होते, आणि तागाने कुणाचे काय वाईट होणार?

मग 'हेम्प' आणि 'गांजा' यांत फरक काय? जात एकच. फरक एका आकड्याचा आहे. नशा आणणारा टीएचसी हा रेणू सुकलेल्या फुलोऱ्यात आणि पानांत ०.३ टक्क्यापेक्षा कमी असेल तर हेम्प, जास्त असेल तर गांजा. ही रेषा १९७६ साली स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणाच्या सोयीसाठी सुचवली. पुढे अनेक देशांच्या कायद्यांनी ती उचलली. आपल्याकडे उत्तराखंडने २०१८ पासून औद्योगिक हेम्पच्या लागवडीला परवाने देताना हाच आकडा धरला. पण १९८५च्या अंमली पदार्थविषयक केंद्रीय कायद्यात हा आकडा नाही, आणि सीबीडी हा शब्दही नाही. तो कायदा रेणू मोजत नाही, झाडाचे भाग मोजतो. फुलांचे वा फळांचे शेंडे म्हणजे गांजा. राळ म्हणजे चरस. शेंड्यांशिवायची नुसती पाने आणि बिया व्याख्येच्या बाहेर.

ही विभागणी जुनी आहे. १८९३ साली सरकारने भारतीय हेम्प औषधी आयोग नेमला, त्या काळात मुंबई इलाख्यातल्या गांजा पिकवणाऱ्या जिल्ह्यांत अहमदनगरही (आजचे अहिल्यानगर) होते. भांगेची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी धरू नये आणि फुलोरा राळेने भरावा म्हणून गांजा पिकवणारे नर झाडे वेळीच उपटून टाकत. वनस्पतींचे प्रजनन शिकवताना याहून ठसठशीत उदाहरण सापडणे कठीण, पण वर्गात ते वापरावे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे! मुद्दा असा की, राळ कुठे असते हे त्या शेतकऱ्यांना पक्के माहीत होते. मादी फुलोऱ्यावरच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये ती सर्वांत जास्त, पानांत कमी, बियांत जवळजवळ नाहीच.

पुस्तिकेला नेमके हे सांगायचे नाही. कायद्याची भीती घालवायची असते तेव्हा ती पानांकडे बोट दाखवते, शुद्धता सांगायची असते तेव्हा रेणूकडे, आणि स्वस्त माल विकायचा असतो तेव्हा बियांकडे. शेवटच्या पानावरच्या यादीत 'हेम्प सीड ऑइल'ही आहे आणि त्यालाही तेच गुण चिकटवले आहेत. बियांचे तेल हे खाद्यतेल आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याला अन्न म्हणून मान्यता दिली, तेव्हा त्यातील सीबीडीवर किलोला ७५ मिलिग्रॅमची मर्यादा घातली. तीस मिलिलिटर तेलाचे वजन साधारण २८ ग्रॅम. म्हणजे पूर्ण बाटलीत सीबीडी असलेच तर फार तर २ मिलिग्रॅम.

आता रेणूंकडे. सीबीडी आणि टीएचसी यांचे रेणुसूत्र एकच आहे : कार्बन २१, हायड्रोजन ३०, ऑक्सिजन २. रेणुवस्तुमान साहजिकच तेच. सीबीडी १९४० साली रॉजर ॲडम्स यांनी वेगळे केले. त्याची नेमकी रचना १९६३ मध्ये आणि टीएचसीची १९६४ मध्ये इस्राएलच्या राफाएल मेशूलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उलगडली. टीएचसीमध्ये एक ऑक्सिजन अणू कड्यात बांधला गेला आहे. सीबीडीमध्ये ते कडे उघडे आहे. दहावीनंतर समघटक शिकवताना आपण ब्यूटेन आणि आयसोब्यूटेनवर थांबतो. इथे एका कड्याच्या फरकाने मेंदूवरचा परिणाम बदलतो.

पुस्तिकेतले कुलूप-किल्लीचे रंगीत चित्र इथेच फसते. मेंदूत सीबी-१ नावाचा ग्राही आहे. आपले शरीर त्यासाठी स्वतःच एक रेणू बनवते. तो १९९२ मध्ये सापडला आणि संस्कृत 'आनंद'वरून त्याला आनंदामाइड नाव मिळाले. चित्रात सीबीडीची किल्ली सीबी-१ च्या कुलपात चपखल बसलेली दाखवली आहे. पण ती किल्ली टीएचसीची आहे. सीबीडी त्या जागी जेमतेम चिकटते, म्हणून तर नशा येत नाही. ते काम करते ते इतर ठिकाणी, आणि अपस्मारात नेमके कोणत्या वाटेने, हे अजून पूर्णपणे ठरलेले नाही. पहिल्या पानावरचे खरे विधान चित्राने असे खोडून टाकले आहे.

या चुका तरी दुरुस्त होण्यासारख्या आहेत. माझा खरा आक्षेप पुस्तिकेत जे नाहीच त्याबद्दल आहे. बारा पानांत 'किती?' हा प्रश्न एकदाही आलेला नाही. सकाळी तीन थेंब, रात्री तीन थेंब, जिभेखाली. बस्स. थेंब हे काही औषधाच्या मात्रेचे एकक नव्हे.

हिशेब आपणच करू. बाटली ३० मिलिलिटरची, तिच्यावर १००० मिलिग्रॅम लिहिलेले. एका मिलिलिटरचे साधारण २० थेंब धरले तर बाटलीत ६०० थेंब. एका थेंबात १.६७ मिलिग्रॅम. रोज सहा थेंब म्हणजे १० मिलिग्रॅम, बाटली शंभर दिवस पुरेल.

आता अपस्मारावर सीबीडीचा खरोखर उपयोग झाला, तो कोणत्या मात्रेला? अमेरिकेत जून २०१८ मध्ये शुद्ध सीबीडीच्या एका द्रावणाला ड्रॅव्हे आणि लेनॉक्स-गास्तो या बालवयातल्या दोन दुर्मिळ, हट्टी प्रकारांसाठी मान्यता मिळाली. २०२० मध्ये तिसऱ्या एका विकाराची भर पडली. पहिल्या दोन विकारांत मात्रा दर किलो वजनाला दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम. आपल्या ३५ किलोच्या मुलाला हा विकार आहे असे क्षणभर धरले, तर किमान ३५० मिलिग्रॅम रोज. पुस्तिकेच्या मात्रेच्या पस्तीस पट. बाटली तीन दिवसही पुरणार नाही.

मग २१० थेंब द्यावेत का? मुळीच नाही, आणि याचे कारण लेबलावरच आहे. बाईंनी उतरवून घेतलेला शब्द 'विजया पत्र अर्क १००० मि.ग्रॅ.' असा आहे. विजया म्हणजे आयुर्वेदातली भांग. हे १००० मिलिग्रॅम अर्काचे आहेत, सीबीडीचे नव्हेत. त्यात सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे लेबल सांगत नाही. टीएचसी ०.३ टक्का असलेल्या एक किलो सुक्या पाल्यातही ३ ग्रॅम, म्हणजे ३००० मिलिग्रॅम टीएचसी असते. अर्क काढताना सीबीडीबरोबर तेही एकवटते. उलटीवर दिल्या जाणाऱ्या कृत्रिम टीएचसीच्या कॅप्सूल २.५ मिलिग्रॅमपासून सुरू होतात, यावरून प्रमाणाची कल्पना यावी. कमी थेंब दिले तर औषध नाही, जास्त दिले तर काय दिले ते कळत नाही, अशी ही बाटली आहे. लेबलावर सीबीडीचा आकडा असता तरी तो तपासावा लागला असता : अमेरिकेत २०१७ मध्ये इंटरनेटवरून विकत घेतलेली ८४ उत्पादने तपासली, तेव्हा लेबलाशी जुळणारी २६च निघाली, आणि १८ मध्ये टीएचसी सापडले.

पुस्तिकेची मधली चार पाने अनुभवांची आहेत. झटके निम्मे झाले, असे सांगणारे पालक तिथे भेटतात. ते खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही. २०१७ मध्ये ड्रॅव्हे विकाराच्या १२० मुलांवर झालेला प्रयोग पाहा. काहींना सीबीडी, काहींना तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रावण, आणि कुणाला काय दिले हे पालकांनाही माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. सीबीडी घेणाऱ्यांत झटक्यांची मध्यक संख्या महिन्याला १२.४ वरून ५.९ वर आली. दुसऱ्या गटात १४.९ वरून १४.१ वर. औषध काम करते, हे यातून दिसते. पण झटके निम्म्याने किंवा त्याहून कमी झाले अशी मुले सीबीडीच्या गटात शंभरात ४३ होती, आणि औषध न मिळालेल्या गटात २७. ज्यांना काहीच मिळाले नव्हते अशा शंभरातल्या सत्तावीस मुलांच्या पालकांनी मनापासून तेच लिहिले असते, जे या पुस्तिकेत छापले आहे. अपस्माराचे झटके मुळातच कधी दाटून येतात, कधी विरळ होतात. माणूस औषध शोधायला निघतो तो दाटून आलेल्या दिवसांत, आणि पुढचे दिवस बहुधा बरे जातातच.

याच प्रयोगातली आणखी एक गोष्ट पुस्तिकेने वगळली. ही सगळी मुले आपापली जुनी औषधे घेतच होती. सीबीडी त्यांत भर म्हणून दिले होते. जुन्या गोळ्यांच्या जागी सीबीडी चालते, असे या प्रयोगातून निघत नाही. चालू गोळ्या एकदम थांबवल्या तर एकामागून एक न थांबणारे झटके येऊ शकतात, आणि त्यात जीव जातो. शिवाय यकृतातली जी विकरे औषधांचा निचरा करतात, त्यांतल्या काहींना सीबीडी अडवते. क्लोबाझाम घेणाऱ्यांत त्या औषधाचा एक सक्रिय घटक रक्तात साठून गुंगी वाढते. व्हॅल्प्रोएटबरोबर यकृताची विकरे रक्तात वाढलेली आढळतात. बाईंनी पाकिटावरून उतरवलेले नाव सोडियम व्हॅल्प्रोएट होते. पुस्तिकेत मात्र इतर औषधांबरोबर 'पूर्ण सुरक्षित' असा शेरा आहे.

कायद्याचेही थोडे. भांग (बिया सोडून) औषधी नियमांच्या ई-१ अनुसूचीत, म्हणजे आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. अशा औषधाच्या लेबलावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना छापावी लागते. बाटलीवर ती बारीक अक्षरांत आहे, पुस्तिकेत नाही. आणि अपस्मार, मधुमेह, कर्करोग बरे करण्याचा दावा जाहिरातीत करायला १९५४च्या कायद्याने बंदी आहे. पुस्तिकेच्या सातव्या पानावर हे तिन्ही आजार एकाच चौकटीत आहेत.

मी बाईंना लिहिले ते एवढेच : गोळ्या एक दिवसही चुकवू नयेत, बाटली, पुस्तिका आणि गोळ्यांचे पाकीट घेऊन वडिलांनी नगरच्या त्याच डॉक्टरांकडे जावे, तेल काही दिवस दिले असेल तर तेही लपवू नये, कारण यकृताची तपासणी करायची की नाही हे त्यावरून ठरेल. विक्रेत्याकडे त्या बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागावा, सीबीडी आणि टीएचसी दोन्ही आकड्यांसह.

बाईंचे उत्तर गेल्या आठवड्यात आले. वडील डॉक्टरांना भेटले, तेल दिलेच नव्हते, गोळ्या चालू आहेत. सहाशे थेंबांचा हिशेब त्यांनी मुलाचे नाव न घेता आठवीच्या वर्गात गुणोत्तराचे उदाहरण म्हणून घातला. एका मुलीने विचारले की, थेंब लहानमोठा पडला तर? मग त्यांनी ड्रॉपर आणून मोजायला लावले. गोडेतेलाचे थेंब एका मिलिलिटरला वीस भरले नाहीत. प्रत्येक गटाचा आकडाही वेगळा आला. विक्रेत्याकडून अहवाल अजून आलेला नाही.