पुस्तक विकत, की वाचण्यापुरते?

किंडल घ्यावे की कोबो, असा प्रश्न आम्हांला अलीकडे वरचेवर विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात बहुधा पडदा, वजन आणि किंमत असते. या बाबतींत निवडण्यासारखे फारसे उरलेले नाही, असे आमचे मत आहे. दोन्ही यंत्रांचे कागदासारखे भासणारे पडदे ई इंक या एकाच कंपनीचे असतात. किंडल पेपरव्हाइटने २०१५ मध्ये आणि कोबो क्लारा एचडीने २०१८ मध्ये इंचाला ३०० बिंदूंचा पडदा दिला. अक्षर छापील पानाइतकेच रेखीव दिसते. तेव्हा परीक्षण करावयाचे ते यंत्राचे नव्हे, त्यामागे उभ्या असलेल्या दुकानाचे.

जुलै २००९ मधील प्रसंग या संदर्भात विसरता येत नाही. जॉर्ज ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्यांच्या काही ई-आवृत्त्या किंडलच्या दुकानात विकल्या गेल्या. विकणाऱ्यापाशी अमेरिकेतले हक्क नव्हते, असे मागाहून उघड झाले. अॅमेझॉनने पैसे परत केले आणि वाचकांच्या यंत्रांतून ती पुस्तके परस्पर काढून घेतली. एका विद्यार्थ्याने लिहिलेली टिपणे मूळ मजकुराविना लोंबकळत राहिली. कंपनीचे प्रमुख जेफ बेझोस यांनी पुढे जाहीर क्षमा मागितली. (ही वेळ ऑर्वेलवरच यावी, हा योगायोग टीकाकाराचे काम फारच सोपे करतो, म्हणून आम्ही त्यावर अधिक लिहीत नाही.) पुस्तकविक्रेता रात्री घरात शिरून कपाटातील पुस्तक उचलून नेत नाही, येथे तसे करण्याची सोय यंत्रातच होती.

दुकानेही कायमची नसतात. सोनीने २०१४ मध्ये अमेरिकेतील आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद करून ग्राहक कोबोकडे सोपवले. आपल्याकडे फ्लिपकार्टने २०१२ मध्ये सुरू केलेली ई-पुस्तकांची विक्री २०१५ च्या अखेरीस थांबवली आणि तेथील वाचकही कोबोच्याच दारी गेले. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये पैसे परत दिले, पुस्तके मात्र नाहीशी झाली.

आता तुलना. अॅमेझॉनच्या पुस्तकांची घडण त्याची स्वतःची असून तिचे कुलूप किंडलच्या बाहेर उघडत नाही. शिवाय विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून तारेने यंत्रात घालण्याची सोय २६ फेब्रुवारी २०२५ रोजी बंद करण्यात आली. कोबोची पुस्तके ईपब या सर्वमान्य स्वरूपात मिळतात. कुलूप बहुतेकांना तेथेही आहे. पण ते अडोबीचे असल्यामुळे इतर काही कंपन्यांची यंत्रेही ते उघडू शकतात. आमचा कौल या एका कारणासाठी कोबोकडे आहे.

तरीही मराठी वाचकाला किंडलकडे पाठ फिरवणे सोपे नाही, हे आम्ही मान्य करतो. १ डिसेंबर २०१६ रोजी अॅमेझॉनने ज्या पाच भारतीय भाषांतील पुस्तके एकदम मांडली, त्यांत मराठी होती. ज्या घरी किंडल आधीच आले आहे, त्यांनी ते टाकून देऊ नये. एकदा वाचून बाजूला ठेवावयाची कादंबरी त्यावर खुशाल वाचावी. कुलूप नसलेली ईपब पुस्तके २०२२ पासून किंडलकडे पाठवता येतात. ती जेथे मिळतील तेथून घेऊन मूळ प्रत आपल्या संगणकावर जपावी. आणि जे पुस्तक शेजारी मागून नेणार आहे, किंवा पहिल्या पानावर नाव घालून मुलीच्या हाती द्यावयाचे आहे, ते आम्ही अजून छापीलच घेतो.