दगडू आणि दया : ‘बलुतं’मधील दुभंग

दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये ‘ग्रंथाली’ने प्रसिद्ध केले. पुढे त्याची चर्चा झाली ती बहुतांशी सामाजिक दस्तऐवज म्हणून. महारवाड्यातील आणि मुंबईच्या कावाखान्यातील जगण्याचे चित्रण इतके प्रत्ययकारी होते, की निवेदनाच्या रचनेचा विचार त्यामानाने मागे पडला. वस्तुतः या आत्मकथनातील वेदनेचे स्वरूप त्या रचनेतूनच उलगडते. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. आणि हे दोघे एकच आहेत.

‘दगडू’ हे नाव आपल्या वाट्याला का आले, याचा शोध निवेदक थेट मनुस्मृतीतील नामविधानापर्यंत नेतो. ‘दया’ हे लेखक म्हणून धारण केलेले नाव. दगड आणि दया या अर्थभेदावर फार भार देऊ नये हे खरे. परंतु तो नजरेआड करण्याइतका किरकोळही नाही. शिकलेल्या, नोकरदार, साहित्यवर्तुळात वावरणाऱ्या दयाला दगडू लपवावासा वाटतो. ज्याने अपमान सोसला त्याचीच लाज वाटावी, हा जातिव्यवस्थेने केलेला सर्वांत खोल घाव होय. तो बाहेरून होतो, पण पुढे माणूस तो स्वतःच स्वतःवर करीत राहतो.

या दुभंगावर ‘बलुतं’ जो उपाय योजते तो साधा आहे : दया ऐकतो. तो दगडूला क्षमा करीत नाही, उपदेश करीत नाही, त्याच्या बोलण्याला सफाईही आणीत नाही. दलित आत्मकथनांवर आत्मदयेचा आक्षेप अनेकदा घेतला गेला. तो घेणाऱ्यांनी कीव आणि करुणा यांतील अंतर ध्यानात घेतलेले दिसत नाही. कीव दुरून येते, तिला ऐकण्याची गरज नसते. १९५६ च्या धर्मांतरानंतर ‘करुणा’ हा शब्द ज्या समाजाच्या नित्य वापरात आला, त्या समाजातील लेखकाने ती प्रथम स्वतःच्या टाकलेल्या अर्ध्या भागाकडे वळवावी, ही घटना मराठी आत्मचरित्राला नवी होती.

तरीही एके ठिकाणी ही रचना अपुरी पडते. पहिली पत्नी सई हिच्यावर संशय घेऊन निवेदक संसार मोडतो. येथे दगडू सोसणारा नाही, सोसायला लावणारा आहे. हा भाग त्याने लपविला नाही, यात त्याचा प्रामाणिकपणा आहेच. परंतु कबुली देणाराही तोच आणि ती ऐकून घेणाराही तोच. अशा ठिकाणी स्वतःविषयीची करुणा फार स्वस्त होण्याचा धोका असतो, आणि निवेदनाला तो जाणवत असावा, कारण येथे त्याचा स्वर अडखळतो. सईला मात्र दयासारखा श्रोता लाभलेला नाही. घरातल्या पुरुषाने केलेला छळ त्याच समाजातील स्त्रीच्या तोंडून विस्ताराने ऐकू आला तो पुढे, १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये.