ब्रांकाच्ची चॅपेलांतील आदाम

फ्लॉरेन्स शहरीं आर्नो नदीच्या दक्षिण तीरावर सांता मारिया देल कार्मिने हें चर्च आहे. त्याची दर्शनी भिंत ओबडधोबड व अपुरीच राहिलेली असल्यामुळें बाहेरून तें कोणाचें लक्ष वेधीत नाहीं. परंतु त्याच्या आंत एका बाजूस जें लहानसें ब्रांकाच्ची चॅपेल आहे, त्याच्या भिंतींवर युरोपीय चित्रकलेला नवें वळण मिळालें. १४२५ च्या सुमारास फेलिचे ब्रांकाच्ची या रेशमाच्या व्यापाऱ्यासाठीं मासोलिनो आणि त्याहून वयानें बराच लहान असलेला मासाच्चो यांनीं हें काम हातीं घेतलें. मासाच्चो १४२८ मध्यें, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, रोम येथें वारला. अर्धवट राहिलेलें काम पुढें पन्नासाहून अधिक वर्षांनीं फिलिप्पिनो लिप्पी यानें पुरें केलें.

चॅपेलच्या तोंडाशींच दोन चित्रें समोरासमोर आहेत. उजवीकडे मासोलिनोचे आदाम व ईव्ह ज्ञानवृक्षापाशीं उभे आहेत. दोघांची अंगें रेखीव आणि मुद्रा शांत आहेत. पुढें कांहीं अनर्थ घडणार आहे अशी शंकाहि त्यांस पाहून येत नाहीं. डावीकडे मासाच्चोनें तेंच दांपत्य स्वर्गोद्यानांतून हांकलून दिलेलें दाखविलें आहे. ईव्ह उघड्या मुखानें आक्रोश करीत आहे. आदामानें दोन्ही हातांनीं तोंड झांकून घेतलें आहे. चॅपेलच्या खऱ्या खिडकींतून ज्या बाजूनें उजेड येतो, त्याच बाजूनें या चित्रांतील उजेड येतो. त्यामुळें हीं माणसें आपण उभे आहों त्याच उजेडांत चालत आहेत असें वाटतें.

सतराव्या शतकाच्या अखेरीस कोणा सोंवळ्या मनाला ही नग्नता सोसली नाहीं, आणि दोघांच्या कंबरेभोंवतीं पानें रंगविण्यांत आलीं. सुमारें तीनशें वर्षें लोकांनीं चित्र पाहिलें तें त्या पानांसह. १९८० नंतरच्या दशकांत भिंतींवरील काजळी व मळ काढण्याचें मोठें काम झालें, तेव्हां तीं पानेंहि काढून टाकण्यांत आलीं.

हें योग्य झालें काय? तीनशें वर्षांचें पान हाहि इतिहासच होय, तो पुसण्याचा अधिकार कोणास, असा आक्षेप घेतां येईल, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. परंतु जुन्या कृतीवर पडणारे सर्वच हात सारखे नसतात. फिलिप्पिनोचा हात मासाच्चोहून वेगळा आहे हें सहज ओळखूं येतें. तरी त्याचें काम कोणी खरवडून काढा असें म्हणणार नाहीं, कारण त्यानें मूळ संकल्प पुढें नेला. पानें रंगविणाऱ्यानें मात्र मूळ चित्राशींच वाद घातला.

तो वाद कोणता, हें मराठी वाचकास समजणें कठीण नाहीं. अतिशय लाज वाटली म्हणजे आपण काय म्हणतों? तोंड दाखवायला जागा उरली नाहीं, असें म्हणतों. मासाच्चोच्या आदामानें नेमकें हेंच केलें आहे. त्यानें अंग उघडें टाकलें आणि तोंड झांकलें. कारण त्याची लाज देहाची नव्हे, हातून घडलेल्या कृत्याची आहे. ईव्ह हातांनीं अंग झांकते, पण तोंड झांकण्याचेंहि भान तिला उरलेलें नाहीं. पान आलें आणि लाजेची जागा बदलली. प्रेक्षकाची दृष्टि चेहऱ्यावरून कंबरेकडे वळली. जें चित्र पश्चात्तापाचें होतें, तें असभ्यतेचें ठरलें. सभ्यतेच्या नांवाखालीं असभ्यता प्रथम त्या पानानेंच चित्रांत आणली, असें आमचें स्पष्ट मत आहे.

आमच्या सुशिक्षित घरांतूनहि चित्रसंग्रहांतील असलीं पृष्ठें मुलांसमोर घाईघाईनें उलटलीं जातात. तीं घाई हेंहि एक रंगविलेलें पानच होय. जेथें मुलाला कांहीं दिसलें नव्हतें, तेथें ती त्याला काय पाहावयाचें तें शिकविते. त्यापेक्षां वडील माणसांनीं हें चित्र मुलापुढें ठेवावें आणि या माणसानें तोंड कां झांकलें असेल, एवढेंच त्याला विचारावें. उत्तर बहुधा मुलालाच आधीं सांपडेल.