कोणता स्वर शुद्ध?

लीड्सचा कवी टोनी हॅरिसन याची 'देम अँड उझ' ही कविता मला फार आवडते, आणि तरी तिच्याशी माझं एक भांडण आहे.

१९७८च्या 'द स्कूल ऑफ एलोक्वन्स' या संग्रहातली ही कविता. कामगार घरातला मुलगा वर्गात कीट्स वाचू लागतो. चार शब्द होतात न होतात तोच मास्तर त्याला गप्प करतात. नाटकात त्याला काम मिळतं ते 'मॅक्बेथ'मधल्या दारुड्या द्वारपालाचं. पद्य राजेरजवाड्यांचं, याच्या वाट्याला गद्य.

गुन्हा काय, तर स्वर. 'आम्हाला' या अर्थाचा इंग्रजी शब्द दक्षिण इंग्लंडात 'अस', लीड्समध्ये 'उझ'. तिकडे 'कप' आणि 'बस' यांतही 'पुट'मधलाच उ ऐकू येतो. गंमत म्हणजे हा उ जुना आहे. दक्षिणेतला अ त्यातूनच फुटला, तोही १७व्या शतकात. म्हणजे अशुद्ध ठरला तो आधीचा!

इंग्रजी स्पेलिंगमध्ये हा फरक दिसतच नाही, म्हणून हॅरिसनला शीर्षकातच ध्वनिलिपी वापरावी लागली. देवनागरीत तो सहज लिहिता येतो. पण आपणही 'बस', 'कप', 'क्लास', 'ग्लास' असंच लिहितो. हे सगळे मास्तरांच्या बाजूचे स्वर.

मग कविता पुरावे मांडते. कीट्स स्वतः कॉकनी होता. उत्तरेकडच्या वर्ड्सवर्थच्या तोंडी 'मॅटर' आणि 'वॉटर' यांचं पक्कं यमक जुळायचं. माझं भांडण इथे आहे. बोलीला मोठ्या कवींचं प्रमाणपत्र कशाला हवं? जिच्यात कुणी वर्ड्सवर्थ झालाच नाही, त्या बोलीनं काय करायचं? आपल्याकडे 'पानी' म्हणणाऱ्या पोराला वर्ग हसतो, तेव्हा बहिणाबाईंचं नाव घेतलं की हशा थांबतो. पण तो मान बहिणाबाईंना मिळतो, बाकावरच्या पोराला नाही.

कवितेला हे कुठेतरी कळलेलं असावं. शेवटी कवी सांगतो, की 'टाइम्स'मध्ये पहिल्यांदा नाव छापून आलं तेव्हा टोनीचं परस्पर अँथनी झालं होतं. सगळे पुरावे देऊन खटला जिंकला, तरी नाव त्यांनी आपल्या सोयीनं लिहिलं. वर्ड्सवर्थच्या यमकापेक्षा मला हा शेवट जास्त पटतो. तो बोलीसाठी कुणाची साक्ष काढत नाही, मान देतानाही माणूस कसा बदलून घेतला जातो तेवढं दाखवतो.

कविता मिळाली तर मोठ्यानं वाचा. आणि 'उझ'च म्हणा.